बिल कोणाच्या नावानं

छत्तीस वर्षं ह्यांच्या हातात पाना होता,
पण घरात पाना नव्हता.
क्वार्टरचा नळ सैल झाला तर मी सांडशीनं आवळायची,
पंख्याचा स्क्रू विळीच्या टोकानं.
हे म्हणायचे, लोकोशेडचा पाना लोकोशेडचा.
पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, पाना घ्यायचा.
भोंगा झाला की पाना ठेवायचा, बिल्ला घ्यायचा.
बिल्ल्यावर आकडा, चारशे सतरा.
शेवटच्या दिवशी बिल्लाही जमा केला
आणि खिसा चाचपत घरी आले.

आता भुसावळ सोडून तापीपल्याड, यावल रोडला
दोन खोल्या, मागे हातभर मोकळी जागा.
भिंत आपली.
खिळा ठोकायला कोणाला अर्ज करायचा नाही.
पण ठोकणार कशानं?
सांडशीनं?

सैफीभाईंच्या दुकानात ग्रीसचा वास आला
तसे हे एकदम उंच झाले.
एक पाना उचलून फरशीवर वाजवला, कानाशी नेला.
“हा नको. ह्याच्या पोटात चीर आहे.”
सैफीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि मागच्या खोलीतून तेलकट कागदातला माल काढला.
मग पक्कड. मग कानस, एक गोल, एक चपटी.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
दोन म्हातारे श्वास धरून उभे.
दुकानातल्या पोरानं ड्रिल मशीन फिरवून दाखवलं;
हे म्हणाले, कामाच्या मानानं आवाज फार करतं,
आणि तरी घेतलं.
मागच्या जागेसाठी खुरपं, झारी,
लिंबाच्या फांद्या छाटायला सिकेटर.
लिंबू अजून लावायचंय.

“बिल कोणाच्या नावानं?”
“चारशे सतरा,” हे म्हणाले.
पोरानं लिहिलंसुद्धा.
कोणी हसलं नाही.
सैफीभाईंनी कागद चुरगळला,
म्हणाले, दुसरं काढ, नावाची जागा कोरी ठेव.

नाव मी सांगायला हवं होतं.
पण आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही,
आणि ह्यांचं तर नावच असं.
आधीची दोन लेकरं गेली,
तिसरं सासूबाईंनी सुपात घातलं,
मूठभर ज्वारी देऊन सुईणीकडून परत विकत घेतलं.
म्हणून लग्नापासून मी त्या वस्तूला
“पाखडायचं” म्हणते.
शेजारणी समजून घेतात.

माझी खरेदी बाजाराच्या दुसऱ्या तोंडाला.
बडगी घेतली, जड लाकडाची.
बामणोदची वांगी आली की कपाशीच्या काड्यांवर भाजून
तिच्यात ठेचीन; आजवर पातेल्यात ठेचली,
पातेल्याला पोचे.
मांड्यांसाठी खापर घेतलं, वाजवून.
वाजवून घ्यायचं मी ह्यांच्याकडून शिकले
की हे माझ्याकडून, आता आठवत नाही.

शेवटी कौतिकबाई बुरूडीण.
“काय देऊ, माय?”
“पाखडायचं.”
तिनं चाळणी पुढे केली.
“ते नव्हे वं. बांबूचं.”
तिनं टोपली दिली.
“दाणे घोळायला गं, लहानसं, दोघांपुरतं…”
हे मागे उभे, खांद्याला पान्यांची पिशवी,
पाणसळीकडे पाहावं तसे माझ्या तोंडाकडे पाहत.
मी म्हटलं,
“सुपडं दे बाई.”
एका उकाराचं अंतर ठेवलं.
कौतिकबाईनं आधी ह्यांच्याकडे पाहिलं,
मग पदर तोंडाला लावला.
भाव मात्र एक रुपयानं उतरवला नाही.

संध्याकाळी ह्यांनी पाणसळ लावून,
पेन्सिलीनं खूण करून,
ड्रिल बाजूला ठेवून हातोडीनंच
पहिला खिळा ठोकला.
काय अडकवायचं ते ठरलेलं नव्हतं.
हे खिसा चाचपत उभे राहिले.
मी सुपडं अडकवलं.
तिरकंच बसलं.

बिलावरची जागा अजून कोरी आहे.
ड्रिलच्या वॉरंटीला नाव लागतं म्हणतात.
बिघडलं की पाहू.